साळिंदराचा जांभळा मफलर

बसा, मुलांनो. मांडी घालून नीट बसा. मागच्या रांगेत जो कोणी शेंगा खातोय त्याने टरफलं स्वतःच्या खिशात ठेवावीत. गोष्ट सांगताना मला कुडुमकुडुम चालत नाही.

तर एका जंगलात एक साळिंदर राहत होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. विचारायची सवय लागली की पुढे काय होतं, ते याच गोष्टीत येणार आहे.

साळिंदराचं नाव सावळाराम काटेकर. पोटासाठी तो कंदमुळं उकरायचा आणि नावासाठी गोष्टी लिहायचा. खुनाच्या गोष्टी.

जंगलात खुनाच्या गोष्टी लिहिणं सोपं असेल, असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. त्या जंगलाचा राजा वाघ होता. दर आठ-पंधरा दिवसांनी जंगलातलं कोणीतरी नाहीसं व्हायचं. मग दिवाण तरस पाणवठ्यावर यायचे, घसा खाकरायचे आणि जाहीर करायचे, "अमुक अमुक परगावी गेले." सगळी जनावरं माना डोलवायची आणि खाली बघून पाणी प्यायची.

परगावी म्हणजे कुठे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर त्या जंगलात रहस्यकथा फार खपायच्या. खऱ्या खुनाचं उत्तर ज्यांना पाठ असतं, त्यांना खोट्या खुनाचं कोडं लागतं.

गोष्टीत खुनी कोणीही चालायचा. सरडा चालायचा, सुतारपक्षी चालायचा, एकदा तर अळंबी चालली होती. वाघ चालायचा नाही. तसा कायदा नव्हता. कायदा असता तर तो मोडायची एखाद्याला हौस तरी आली असती.

आपल्या काटेकरने एक सोय करून ठेवली होती. त्याच्या गोष्टीतला खुनी नेहमी नदीपलीकडचा लांडगा असायचा. नदीपलीकडे लांडगा आहे की नाही, हे काटेकरने कधी पाहिलं नव्हतं. तिकडे कोणी गेलंच नव्हतं. पण लांडगा खुनी निघाला की वाचक खूश, दिवाण खूश, आणि लांडगा काही तक्रार करायला येत नसे.

अशा अकरा गोष्टी झाल्या. बारावी घेऊन काटेकर 'पाणवठा' साप्ताहिकाच्या कचेरीत गेला. कचेरी म्हणजे एक पोकळ सागाचं खोड. त्यात संपादक कोल्हे पाय ताणून बसले होते.

"काटेकर," कोल्हे म्हणाले, "तुमच्या गोष्टीत जीव नाही."

"प्रेत आहे ना, साहेब. पहिल्याच पानावर आहे."

"प्रेत आहे हो. जीव नाही. वाचक आता लांडग्याला कंटाळलेत. तुम्ही असं करा, स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी घाला. शेजारच्या जंगलात हल्ली हीच पद्धत आहे. लेखक आपला छंद गोष्टीत घालतो. कोणाची बाग असते, कोणाचं लोणचं असतं. वाचकाला खूनही मिळतो आणि जाता जाता चार गोष्टी शिकायलाही मिळतात. तुम्हाला एखादा छंद आहे का?"

काटेकर खाली बघायला लागला. अंगावरचे काटे त्याने मिटून घेतले.

"आहे थोडासा."

"कसला?"

"विणकाम," काटेकर पुटपुटला.

हसू नका. साळिंदराला विणकाम येणं यात हसण्यासारखं काय आहे? सुया तर अंगावरच असतात. पण त्या जंगलातले बाप्ये साळिंदर काटे परजायचे, खळखळ वाजवायचे आणि एकमेकांना दाखवायचे. आपले दोन काटे उपटून कोणी गळपट्टे विणत बसत नसे. काटेकर बसायचा. जंगलाच्या कडेने धनगरांची मेंढरं जायची. त्यांची लोकर बोरीच्या काट्यांना अडकून राहायची. ती काटेकर वेचून आणायचा. त्याची बायको शेवंता टकळीवर सूत काढायची, जांभळाच्या रसात बुडवून रंग द्यायची. मग दुपारच्या वेळी बिळाच्या तोंडाशी बसून काटेकर विणायचा. कशासाठी? कशासाठीच नाही. छंदाला कशासाठी असं विचारायचं नसतं. त्याच्या गोष्टींमध्ये एक वाक्य धड नव्हतं, पण विणकामात एक टाका चुकलेला नव्हता.

हे गुपित तीनच जणांना ठाऊक होतं. शेवंताला, शेजारच्या धाकोजी भेकराला, आणि धाकोजीची बायको गोजराबाई हिला.

धाकोजीला थंडी सोसत नसे. मागच्या हिवाळ्यात काटेकरने त्याच्यासाठी एक जांभळा मफलर विणला होता. चार लडी लोकर लागली. शेवटचे टाके बंद झाले, गाठ मारायची तेवढी राहिली. तेवढ्यात धाकोजी आला. दात वाजत होते त्याचे.

"दे रे सावळाराम, गळ्यात घालतो आत्ताच."

"शेवटची गाठ राहिलीय. उद्या ये."

"गाठ उद्या मार. थंडी आज आहे."

आणि तो मफलर गळ्यात गुंडाळून पाणवठ्यावर गेला. दुसऱ्या दिवशी दिवाण तरसांनी घसा खाकरला. "धाकोजी भेकर परगावी गेले."

जनावरांनी माना डोलवल्या. गोजराबाईने डोलवली नाही. ती पुढे झाली आणि तिने विचारलं, "परगावी म्हणजे कुठल्या गावी?"

असं त्या जंगलात कोणी विचारत नसे.  दिवाण म्हणाले, "कळवण्यात येईल." पण कळवण्यात काही आलं नाही. मग गोजराबाई रोज विचारायला लागली. दिवाणांना, कोल्ह्यांना, येणाऱ्याजाणाऱ्याला. "परगावी म्हणजे कुठल्या गावी हो?" जनावरं तिला पाहून वाट बदलायची.

काटेकरही वाट बदलायचा. त्याला कारण होतं. धाकोजी गेला त्या सकाळी काटेकर पाणवठ्यावर गेला होता. तिथल्या बोरीच्या काट्याला जांभळी लोकर अडकली होती. मफलरच्या सुरुवातीच्या चार ओळी. मुलांनो, मफलर शेवटाकडून उसवतो, सुरुवात तेवढी राहते. त्या चार ओळींमधून एक धागा निघून गवतातून कुठेतरी गेला होता. कुठे गेला, ते काटेकरने पाहिलं नाही. तो लेखक होता, पाहणं हे त्याचं काम नव्हतं. त्याने धागा तोडला, चार ओळी काढून घेतल्या आणि बिळात नेऊन लपवल्या. तेव्हापासून त्याला ती गाठ झोपू देत नव्हती.

हे सगळं मनात घेऊन काटेकर कोल्ह्यांकडून घरी आला आणि गोष्ट लिहायला बसला. विणकामाची गोष्ट.

सुरुवात झकास झाली. एका भेकराचा पाणवठ्यावर खून होतो. त्याच्या मफलरचं एक टोक बोरीला अडकतं, दुसरं सुटलेलं टोक खुन्याच्या नखात. खुनी चालू लागतो आणि त्याच्यामागे मफलर ओळीमागून ओळ उसवत जातो. हेर मुंगूस तो धागा धरून निघतो. काटेकर लिहीत होता आणि स्वतःच चकित होत होता. पहिल्यांदाच त्याला पुढचं वाक्य शोधावं लागत नव्हतं.

आता धागा लांडग्याच्या घरी न्यायचा, की झाली गोष्ट.

आणि इथे काटेकरची लेखणी अडली.

"अहो, काय झालं?" शेवंताने विचारलं.

"धागा पुरत नाही."

"कुठे पुरत नाही?"

"लांडग्यापर्यंत. मफलर चार लडींचा. एक लड शंभर पावलांची, मी स्वतः मोजलीय. म्हणजे धागा चारशे पावलं जाणार. लांडगा दोन कोसांवर."

"मग मफलर मोठा करा."

"दोन कोसांसाठी पन्नास-साठ लडी लागतील. एवढा मफलर गळ्यात घालून भेकर पाणवठ्यापर्यंत पोचेल का? वाटेतच मरेल बिचारा. मग खून करायचा कोणाचा?"

शेवंताने विचार केला. "लांडग्याचं बिऱ्हाड अलीकडे आणा."

"मध्ये नदी आहे. ओली लोकर जड होते. तुटते."

"अहो, गोष्टच आहे ना? तुमच्या मागच्या गोष्टीत लांडगा झाडावर चढला होता. तेव्हा नाही काही वाटलं ते?"

"लांडग्यातलं मला काही कळत नाही, म्हणून वाटलं नाही. लोकरीतलं कळतं."

खरी अडचण ही होती, मुलांनो. ज्यातलं आपल्याला कळत नाही, त्यात हवं तेवढं खोटं बोलता येतं. ज्याच्यावर आपला जीव आहे त्यात एक टाकाही खोटा घालवत नाही.

काटेकर तीन दिवस येरझाऱ्या घालत राहिला. चौथ्या दिवशी तो पाणवठ्यावर गेला आणि तिथून सरळ वाटेने चारशे पावलं मोजत चालला. शंभर पावलांवर वड आला. दोनशेवर वारूळ आलं. तीनशे पावलांवर त्याचं स्वतःचंच बीळ आलं. चारशेवर तो थांबला आणि त्याने मान वर केली. समोर महाराजांची गुहा होती.

घरी परतताना गोजराबाई भेटली. वाट बदलायला जागा नव्हती.

"काटेकर भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही लिहिता-वाचता. तुम्हाला तरी ठाऊक असेल. परगावी म्हणजे कुठल्या गावी?"

 काटेकर तडक घरी आला आणि त्याने शेवटचं वाक्य लिहिलं. 'चार लडी संपल्या तिथे हेर मुंगूस थांबला आणि त्याला खुनी कळला.' नाव लिहिलं नाही. मनाशी म्हणाला, विणकामाचा मजकूर कोण वाचतं? लडी कोण मोजतं?

कोल्ह्यांनी तर मुळीच मोजल्या नाहीत. ते पहिलं पान आणि शेवटची ओळ तेवढी वाचायचे. मधलं वाचायला वाचक असतात, असं त्यांचं मत होतं.

"व्वा!" ते म्हणाले. "आता जीव आला. आणि खुन्याचं नाव दिलं नाहीत, हे तर फारच छान. लांडगाच ना? आपण स्पर्धा ठेवू. खाली मफलरचा नमुना छापू. घरी विणा, पाणवठ्यावर उसवा, खुनी ओळखा! बक्षीस एक वर्षाचा 'पाणवठा' फुकट."

"स्पर्धा नको, साहेब," काटेकर घाबरून म्हणाला.

"लेखकाने लिहावं. खपाचं आम्ही बघतो."

अंक निघाला, आणि जंगलाला विणकामाचं वेड लागलं. लहानथोर, नर-मादी, शिंगवाले आणि बिनशिंगांचे, सगळे विणायला लागले. बोरीच्या झाडांवर लोकर उरली नाही. हत्तीने बांबूच्या सुया केल्या. अस्वलाने घाईत मफलरमध्ये स्वतःचे केस विणले आणि मग त्याला मफलरपासून बाजूला होता येईना. अखिल जंगल विणकाम मंडळ निघालं. मंडळाच्या अध्यक्षपदी रानडुक्कर निवडून आलं. त्याला विणता येत नव्हतं, पण अध्यक्षाला वेळ कुठे असतो?

बाकीचे लेखक हवालदिल झाले. ते छंद शोधायला लागले. एका बगळ्याने फुलझाडांवर कादंबरी लिहायची म्हणून बाग लावली आणि तो रोज रोपं उपटून पाहायचा, गोष्टीला पुरेशी मुळं धरलीत का. माकडाला सतरा छंद सापडले, त्यामुळे गोष्ट राहून गेली. मोराला कोल्ह्यांनी विचारलं, तुमचा छंद काय? मोर म्हणाला, "मी."

महिन्याभराने स्पर्धेचा दिवस उजाडला. साठ जनावरं साठ मफलर घेऊन पाणवठ्यावर जमली. नमुना एकच, लडी चार. सगळ्यांनी मफलरची सुरुवात बोरीला बांधली, शेवटचं टोक दातात धरलं आणि सगळी वाटेने निघाली. काय ते दृश्य! साठ जांभळे धागे सरसर सुटत होते. कोणी गाणी म्हणत होतं. वड गेला. वारूळ गेलं. काटेकरचं बीळ गेलं. काटेकर बिळात डोळे गच्च मिटून बसला होता.

चारशे पावलांवर साठ धागे एकदम संपले. गाणी थांबली.

समोर महाराजांची गुहा होती. आतून जांभईचा आवाज आला आणि पाठोपाठ महाराज बाहेर आले.

"काय काम आहे?"

 शेवटी हत्तीने दातातलं टोक सोंडेत घेतलं. "महाराज, विणकाम."

वाघाने साठ धागे पाहिले. मग त्याने आपल्या उजव्या पंजाकडे पाहिलं आणि पंजा शेपटीखाली घेतला. कडेला गोजराबाई उभी होती. तिने मफलर विणला नव्हता. ती नुसती बघत होती, आधी धाग्यांकडे, मग महाराजांकडे, मग त्या साठ जनावरांकडे.

आता, मुलांनो, साठ जनावरं होती. त्यांत एक हत्ती होता. दोन रानगवे होते. समोर एक वाघ होता. हिशोब तुम्ही करा. मला तो आठवला की अजून राग येतो.

रानडुक्कर पुढे झालं. अध्यक्षाला शोभेल असा आवाज काढून ते म्हणालं, "नमुन्यात चूक आहे!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. "चूक आहे! चूक आहे!" जो तो म्हणायला लागला. "धागा भलतीकडेच येतो!" "तरी मला विणतानाच शंका आली होती." "हल्लीचे लेखक अभ्यास करत नाहीत."

लगेच नमुना दुरुस्ती समिती नेमली गेली. तीत दिवाण तरस, कोल्हे आणि रानडुक्कर होते. समितीने दोन बैठका घेतल्या आणि निर्णय दिला. मफलरला चार लडी लागत नाहीत, तीनच लागतात. चौथी लड ही लेखकाची कल्पनाशक्ती आहे.

मग साठ जनावरांनी तीन-तीन लडींचे मफलर विणले आणि ती पुन्हा पाणवठ्यावरून निघाली. या खेपेला तीनशे पावलांवर साठ धागे संपले. काटेकरच्या दाराशी.

कोल्हे बिळात डोकावले. "अरेरे, काटेकर," ते हळहळून म्हणाले, "स्वतःच्या आयुष्यातलं घाला म्हणालो मी. पण इतकं?"

झडती झाली. पाल्याखाली जांभळ्या लोकरीच्या चार ओळी सापडल्या. मग आणखी पुरावा कोणाला हवा होता?

काटेकरला गुहेपुढे उभं केलं. सगळं जंगल जमलं होतं. महाराजांनी स्वतः चौकशी केली.

"ही लोकर कोणाची?"

"माझी, महाराज."

"सुया?"

"माझ्याच. अंगावरच्या."

"मफलर कोणी विणला?"

"मी."

"धाकोजी भेकर तुझा कोण?"

"मित्र होता, महाराज."

"आणि गोष्ट?"

"माझी."

"छंद तुझा, लोकर तुझी, सुया तुझ्या, मित्र तुझा," वाघ म्हणाला, "मग खूनच तेवढा दुसऱ्याचा कसा?"

जमलेल्या जनावरांमध्ये "खरंच की!" असं झालं. हा मुद्दा सगळ्यांना फार आवडला. पुढे कित्येक दिवस साहित्याच्या चर्चेत तो येत राहिला.

काटेकरने मान वर केली. समोर वाघ होता. डाव्या हाताला शेवंता पदर तोंडात धरून उभी होती. उजव्या हाताला गोजराबाई. ती त्याच्याकडेच बघत होती.  काटेकरच्या अंगावरचे काटे एकमेकांवर वाजत होते.

"महाराज," तो म्हणाला, "मफलर चार लडींचा होता."

"समितीने तीन ठरवल्यात."

"समितीने विणला नाही. मी विणला."

त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत शूर वाक्य हेच. मला तरी ते फार मोठं वाटतं. पण टाळ्या पडल्या नाहीत. हत्ती दुसरीकडे बघायला लागला.

दिवाण तरस महाराजांच्या कानाशी लागले. बराच वेळ कुजबुज झाली. मग महाराजांनी निकाल दिला.

"आम्ही दयाळू आहोत. लेखक परगावी गेला तर लोकांना वाईट सवयी लागतात, ते त्याची पुस्तकं वाचायला लागतात. म्हणून काटेकरला जिवे मारू नये. त्याने आमच्यासाठी चार पायमोजे विणावेत. पुढेमागे कोणाच्या गोष्टीत आमच्या नखाला धागा अडकू नये, एवढाच हेतू. आणि यापुढे त्याने लांडग्यावर लिहावं."

जनावरांनी दयेबद्दल महाराजांचा जयजयकार केला. उसवलेली जांभळी लोकर सगळ्यांनी वर्गणी म्हणून दिली.

काटेकरने पायमोजे विणले. घोट्यापासून सुरुवात केली आणि बोटांपाशी संपवले. एकेका मोज्याला चार-चार लडी लागल्या. चारही मोजे देखणे झाले. एक टाका चुकला नाही. दिवाणांनी उलटसुलट करून पाहिले, ताणून पाहिले आणि पसंत केले. शेवटच्या गाठी त्यांनी पाहिल्या नाहीत. विणकामातलं त्यांना काय कळणार? ते दुरुस्ती समितीत होते.

काटेकरने त्या गाठी मारल्या होत्या की नाही, हे मला विचारू नका. एवढा जुना विणकर सहसा विसरत नाही. पण एकदा राहिली होती, हेही खरं.

मग काटेकर लांडग्यावर लिहायला लागला. लांडगा पोहला, उडाला, एका गोष्टीत त्याने चंद्राला भोक पाडलं. कोल्हे म्हणाले, "आता बघा, कसा जीव आलाय!" काटेकरला 'वनभूषण' पदवी मिळाली. विणकामाचं वेड ओसरलं आणि जंगल लोणच्याकडे वळलं.

महाराज मोजे घालून हिंडायला लागले. पावलांचा आवाज बंद झाला. त्याच आठवड्यात पाणवठ्यावरचा एक म्हातारा सांबर नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई सगळ्यांच्या आधी पाणवठ्यावर आली. उजाडत होतं. बोरीच्या काट्याला एक जांभळा धागा अडकला होता. तो गवतातून, वाटेने, वर कुठेतरी गेला होता.

गोजराबाईने धाग्याला हात लावला नाही. ती नुसती त्याच्या कडेने चालत निघाली. वड गेला. वारूळ गेलं. काटेकरचं बीळ गेलं. ती थांबली नाही. धागा थेट गुहेत शिरला होता. तिने आत पाहिलं. महाराज पोट भरून गाढ झोपले होते. त्यांच्या उजव्या घोट्याभोवती जांभळ्या लोकरीच्या सुरुवातीच्या चार ओळी तेवढ्या राहिल्या होत्या. खाली सगळी नखं उघडी होती.

 मग ती मागे फिरली.

एव्हाना बाकीची जनावरं उठली होती. त्यांनीही धागा पाहिला. पाणवठ्यापासून गुहेपर्यंत, वाटेत कुठेही न तुटलेला.  हत्तीने पुढे होऊन धागा हलकेच बोरीवरून सोडवला. दोन रानगव्यांनी तो न गुंतवता गुंडाळला. रानडुकराने ती गुंडाळी नेऊन दिवाणांच्या हाती दिली आणि ते अदबीने म्हणालं, "महाराजांचं काहीतरी वाटेत सांडलं होतं."

दिवाणांनी घसा खाकरला. "सांबर परगावी गेले."

सगळ्यांनी माना डोलवल्या आणि सगळी खाली बघून पाणी प्यायली. मग त्यांनी दचकून गोजराबाईकडे पाहिलं, आता ही विचारणार म्हणून. गोजराबाई काही विचारणार नव्हती. ती तिथे नव्हतीच.

ती काटेकरच्या दाराशी उभी होती. काटेकर नवीन गोष्ट लिहीत होता. लांडगा त्यात वीज पकडत होता.

"काटेकर भाऊजी," गोजराबाई म्हणाली, "गाव कळलं."

काटेकरने लेखणी खाली ठेवली. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.  मग त्याने अंगावरचे दोन काटे उपटले, कोपऱ्यातल्या चार लडी ओढल्या आणि पहिल्या ओळीचे टाके घालायला सुरुवात केली. गोजराबाई लड सोडत बसली.

संपली गोष्ट. शेंगा खाणाऱ्याने टरफलं घेऊन जावीत.

तात्पर्य: लेखकाने आपल्या छंदावर कधीही लिहू नये. छंदातलं आपल्याला खरोखर कळत असतं आणि त्यामुळे गोष्टीचा शेवट हातात राहत नाही. ज्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यावर मनसोक्त लिहावं. त्याने पदव्या मिळतात आणि काटे शाबूत राहतात.

हे तात्पर्य ज्यांना पटणार नाही, त्यांनी नमुन्यात चूक आहे असं समजावं आणि खाली बघून पाणी प्यावं.